ज्याच्यावर राज्य येतं

लपाछपी, शिवणापाणी, विषामृत, आंधळी कोशिंबीर. यातला कुठलाही खेळ घ्या. जो पकडला जातो, ज्याचा अंदाज चुकतो, त्याच्यावर राज्य येतं. मग तो डोळे मिटून आकडे म्हणतो, बाकीचे पळतात, हुलकावण्या देतात, त्याच्या नावाने ओरडतात. लहानपणापासून हा शब्द तोंडात इतका बसलेला असतो की त्यातली खोच जाणवतच नाही. हरला त्याला राज्य! मैदानात तो एकटा पडलेला, आणि सगळ्यांचं लक्ष मात्र त्याच्यावरच.

विनोदाचंही असंच असतं. जिंकणाऱ्याकडे लोक कौतुकाने बघतात, पण हसायला त्यांना हरणारा लागतो. आणि हरणाऱ्यानेच उठून आपल्या फजितीचं गाणं म्हटलं, तर सगळं मैदान त्याचं होतं. फक्त एक गोष्ट विचारायची राहते. हे राज्य त्याने हौसेने घेतलं, की त्याच्यावर आलं? आणि आलं असेल, तर ते पुढे कोणाकडे जातं?

सातारा आणि सांगलीच्या मातीत या प्रश्नाचा मोठा इतिहास आहे. तिकडे जाण्याआधी जरा लांबचा फेरा घेऊ. अमेरिकेतल्या एका गॉल्फच्या मैदानाचा.

चेंडू गप्प बसलेला असतो

अमेरिकेत 'कंट्री म्युझिक' आहे. म्हणजे गावाकडचं गाणं. गिटार, फिडल, बोलल्यासारखा गळा. विषय म्हणाल तर ट्रक, दारू, सोडून गेलेली बायको, बुडालेलं पीक. या गाण्याला रडण्याची जेवढी सवय आहे, तेवढीच स्वतःची टर उडवण्याचीही आहे. त्याच सवयीतून गॉल्फ वाईट खेळणाऱ्यांची विनोदी गाणी आली. १९९६ साली 'टिन कप' नावाचा गॉल्फवरचा विनोदी सिनेमा आला. त्यातल्या गाण्यांत एकाचं नाव आहे 'डबल बोगी ब्लूज'. गॉल्फमध्ये प्रत्येक होलला चेंडू किती फटक्यांत आत जावा याचा आकडा ठरलेला असतो, त्याला 'पार' म्हणतात. एक फटका जास्त लागला की बोगी, दोन जास्त लागले की डबल बोगी. म्हणजे नावातच रडगाणं आहे.

अशा गाण्यांचा साचा साधा असतो. चेंडू तळ्यात गेला, मग झाडीत गेला, मग वाळूत रुतला. नवी महागडी स्टिक घेतली, चेंडू पुन्हा त्याच तळ्यात. धृपद आलं की बिअर उघडायची आणि पुढच्या रविवारी परत यायचं.

गॉल्फच का? कुस्तीत हरलात तर समोरचा तगडा होता म्हणता येतं. क्रिकेटमध्ये खेळपट्टी असते, पंच असतो, ऊन असतं. गॉल्फमध्ये चेंडू जागेवर गप्प बसलेला असतो. कोणी तुम्हाला अडवत नाही, कोणी तो तुमच्याकडे फेकत नाही, कसली घाई नाही. तरी चुकतं. दोष द्यायला आपल्याशिवाय कोणी उरतच नाही, म्हणून माणूस शेवटी आपल्यालाच हसतो.

दुसरी गोष्ट वर्गाची. कंट्री गाण्यातला माणूस शेतातला, गॅरेजमधला. गॉल्फ क्लब हे साहेबाचं ठिकाण. मळलेले बूट घालून तो त्या कापलेल्या गवतावर उभा राहिला, तिथेच अर्धा विनोद झाला. शिवाय खुद्द गॉल्फमध्ये हरणाऱ्याची सोय आहे. तिला 'हँडिकॅप' म्हणतात. कच्च्या खेळाडूला काही फटके आधीच माफ असतात, म्हणजे तो पक्क्या खेळाडूबरोबर बरोबरीने खेळू शकतो. दुबळ्याला सांभाळून घेणं नियमातच लिहून ठेवलेलं आहे.

कंट्री गायक विली नेल्सनकडे तर टेक्सासमध्ये, ऑस्टिनजवळ, स्वतःचं गॉल्फचं मैदान आणि शेजारीच गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ होता. आपल्या मैदानावर पार किती हे आपणच ठरवतो, असं तो गमतीत सांगायचा. मैदान आपलं असेल तर हरायचं कसं? पण १९९० मध्ये तो खरोखर हरला. कर थकवल्याबद्दल सरकारने त्याची मालमत्ता जप्त केली, त्यात हे मैदान आणि स्टुडिओही गेले. मग त्याने कर खात्याचंच नाव देऊन एक अल्बम काढला आणि त्याचे पैसे कर्जफेडीला लावले. पुढे मैदानही परत मिळालं. स्वतःच्या हरण्यावर हसणं त्याला परवडलं, कारण हसून झाल्यावर परत जायला जागा होती.

ही गोष्ट लक्षात ठेवून आता आपल्याकडे येऊ.

लाडवाचा चेंडू

गॉल्फ हिंदुस्थानात इंग्रजांबरोबर आला. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गॉल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ चा. योगायोग असा की त्याच वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून कंपनीने महाबळेश्वरचा माथा घेतला आणि बदल्यात वाई भागातलं खंडाळा गाव दिलं. तिथल्या वसाहतीला मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्यावरून माल्कम पेठ म्हणू लागले. साहेबाला थंड हवा मिळाली. पुढे १८४८ मध्ये औरस वारस नाही म्हणून डलहौसीने साताऱ्याचं राज्यच खालसा केलं. म्हणजे त्या वीस वर्षांत साताऱ्याहून राज्य गेलं, आणि पोरांच्या खेळात मात्र ते येत राहिलं.

खाली गावात चेंडू आणि काठीचा खेळ आधीपासून होताच. तुकोबांच्या गाथेत विटूदांडू आणि चेंडूफळी या खेळांवरचे अभंग आहेत. तिथे खेळ हा संसाराचा दाखला होतो. आजही ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटणच्या वाटेला लागते, तेव्हा वारकरी फुगड्या घालतात, हुतूतू खेळतात. पासष्टीचा आजोबा धापा टाकत पडतो आणि सगळे हसतात, तोही हसतो. त्या हसण्यात कोणी लहान होत नाही.

पण चेंडू हातात आल्यावर गडबड करणाऱ्या माणसाचं खरं विनोदी गाणं आपल्याकडे बायकांनी केलं. ते हादग्यात आहे.

पुण्या-नाशिककडे ज्याला भोंडला म्हणतात, त्याला साताऱ्या-सांगलीकडे हादगा म्हणतात. पाऊस सरत आलेला असतो, सूर्य हस्त नक्षत्रात असतो, मुली हत्तीच्या चित्राभोवती फेर धरतात. त्यांच्या गाण्यांत वेड्या नवऱ्याचं एक गाणं महाराष्ट्रभर चालतं. त्याची गोष्ट अशी. बायकोने लाडू केले. वेडा आला, त्याने ते नीट पाहिले, त्याला ते चेंडू वाटले, घेतले खेळायला. बायकोने करंज्या केल्या, त्याला त्या होड्या वाटल्या, दिल्या पाण्यात सोडून. शेवया केल्या, त्याला त्या अळ्या वाटल्या. प्रत्येक कडव्यात साचा तोच, पदार्थ नवा. कडवं सुरू झालं की फेरातल्या सगळ्यात लहान मुलीलाही कळतं की आता घोटाळा होणार. घोटाळा कोणता, एवढंच ऐकायचं राहतं. गॉल्फच्या गाण्यात चेंडू पुन्हा पुन्हा तळ्यात जातो, त्याचीच ही बहीण.

फरक कुठे आहे बघा. गॉल्फचं गाणं हरणारा स्वतः म्हणतो. हादग्याचं गाणं हरणाऱ्याची बायको म्हणते, म्हणजे उद्या कोणाची तरी बायको होणाऱ्या मुली म्हणतात. एरवी नवऱ्याचं नाव घेतानाही उखाण्याचा आडोसा लागायचा, त्या काळात 'आमच्या ह्यांना काही कळत नाही' हे मोकळ्या अंगणात, टाळ्या वाजवत, सासूच्या देखत म्हणता येत होतं. तेही त्याला 'वेडा' म्हणून. वेड्यावर कोण रागावणार?

पण हे गाणं नुसतं गोड नाही. एका पाठात शेवटी बायको झोपलेली असते. वेडा येतो, नीट बघतो, त्याला वाटतं ती मेली. आणि तो तिला जाळून टाकतो. लाडूला चेंडू समजला तिथपर्यंत हसू होतं, मग साचा तोच राहिला आणि पदार्थाच्या जागी बाई आली. मुली त्या कडव्यालाही त्याच चालीत टाळ्या देतात. घरात ज्याच्या हातात सगळं आहे त्याची समज कच्ची असेल, तर त्याच्या चुकीचं बिल कोण भरतं, हे त्या दोन ओळींत सांगून टाकतात आणि पुढच्या गाण्याला लागतात.

हादगा संपला की खिरापत ओळखायची असते. डबा वाजवायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी सांगायचं. पदार्थ न ओळखणाऱ्या माणसाचं गाणं म्हणायचं, आणि मग आपण सगळ्यांनी पदार्थ ओळखताना चुकायचं! इथे मात्र राज्य फिरतं. आज हिचा डबा, उद्या तिचा.

दिवसा पैलवान, रात्री सोंगाड्या

आता जत्रेत जाऊ. सातारा-सांगलीत जत्रा म्हणजे दुपारी कुस्त्यांचं मैदान आणि रात्री तमाशा, असं गणित कित्येक पिढ्या चालत आलं. दोन्हीकडे एक वाद्य समान असतं, हलगी. दुपारी ती पैलवानाच्या अंगात वीज भरते. रात्री तीच ढोलकीच्या जोडीला तमाशात कडाडते. वाजवणारे हातही पुष्कळदा त्याच वस्तीतले.

दुपारचं राज्य जिंकणाऱ्याचं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते, पण लोकांच्या तोंडी हेलसिंकीच राहिलं. मैदान जिंकणाऱ्याचं नाव ठेवतं. पोवाड्याचंही तसंच. पोवाड्यात हार येतच नाही असं नाही, पानिपतावरही पोवाडे झाले. पण ती वीराची हार. धांदरट, भित्र्या, विसराळू माणसाची हार पोवाड्यात मावत नाही. तिला रात्र व्हावी लागते.

पेशवाईत लावणी आणि पोवाड्याला दरबाराचा आश्रय होता. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर ही त्या काळातली नावं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि शाहिराचा अन्नदाता गेला. कला गावाकडे, जत्रेकडे वळली. या भागात त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. मराठी रंगभूमी दिन आपण याच तारखेला पाळतो. त्या नाटकात सुरुवातीला सूत्रधाराशी वाद घालणारा विदूषक होता. आणि १८६५ मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातल्या सावळजच्या उमा बाबाजी मांग या तमासगिराने 'मोहना-बटाव' लिहिलं, ते पहिलं वगनाट्य मानलं जातं. एका गोष्टीच्या पाठीशी राजा होता, दुसरीच्या पाठीशी जत्रा. शाळेत आपल्याला १८४३ पाठ करायला लावतात. १८६५ कोणी विचारत नाही.

वग आला आणि सोंगाड्याला पाय पसरायला जागा मिळाली. त्याआधी गवळणीत कृष्णाचा बोबडा, वाकडा सवंगडी पेंद्या होता, मावशी होती. वगात पूर्ण गोष्ट आली: राजा, प्रधान, राणी, शिपाई. त्यात सोंगाड्या बहुतेक वेळा हाताखालचा माणूस असतो. चाकर, हवालदार, गडी. काम नीट न येणं हेच त्याचं काम. उदाहरणादाखल समजा, प्रधान म्हणाला, "जा, चोराच्या मागावर जा." तर सोंगाड्या म्हणणार, "जातो की सरकार. पर चोर म्होरं गेल्याबिगर मी मागावर कसा जाऊ? त्याला जरा लांब जाऊ द्या!" वरवर तो भित्रा ठरला. पण हुकूम देणारा घरी बसतो आणि जीव द्यायला गडी जातो, हेही बोलून झालं.

हे लिहिलेलं नसे. सोंगाड्याने त्या गावात दुपारी ऐकलेलं, पाटलाच्या वाड्यावर पाहिलेलं, रात्री वगात घालायचं. पाटील पुढच्या रांगेत बसलेला असायचा. त्याला हसावंच लागायचं, कारण न हसणं म्हणजे टोपी आपल्याला बसली हे कबूल करणं. आणि हे सगळं जमवायला केवढं कसब लागतं! हलगीच्या ठेक्यावर अडखळायचं, पण ठेका सोडायचा नाही. गाताना बेसूर व्हायचं, पण नेमक्या सुरापासून तेवढंच लांब. वाईट खेळणाऱ्याचं सोंग चांगल्या खेळाडूलाच वठतं.

दोन हवालदार

सांगलीजवळच्या मिरज तालुक्यातलं कवलापूर. तिथल्या खाडे घराण्यात तमाशा होता. शिवा-संभा कवलापूरकर हा फड आधीच्या पिढीतच गाजला होता. पुढच्या पिढीत लहू आणि अंकुश ही जुळी भावंडं उभी राहिली. 'जहरी प्याला' या वगात त्यांनी काळू आणि बाळू हे दोन हवालदार केले. भूमिका इतक्या गाजल्या की लोक खरी नावं विसरले. फडाची ओळखच 'काळू-बाळू' झाली.

दोन हवालदार, दोघांचा चेहरा एक, आणि दोघांनाही काम येत नाही. विनोदासाठी एवढं पुरतं, असं वाटेल. पण समोर कोण बसलं आहे ते बघा. हवालदार हा गावकऱ्याच्या आयुष्यातला सर्वांत जवळचा सरकारी माणूस. ज्या वस्त्यांतून तमाशाचे कलावंत येत, त्यांना तर त्याची ओळख फारच जवळून होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी माणसांच्या अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि तो १९५२ मध्ये संपला. याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांच्या 'फकिरा' कादंबरीत मांगवाड्याला द्यावी लागणारी हजेरी आहे. माणसाने रोज जाऊन 'मी आहे, मी चोरी केली नाही' हे दाखवायचं.

अशा मुलखात जत्रेच्या रात्री दोन माणसं खाकी घालून येतात आणि त्यांना चोर सापडत नाही, टोपी सापडत नाही, एकमेकांतला कोण ते सापडत नाही. ज्याच्यापुढे दिवसा हजेरी द्यायची, तो रात्री आपल्यापुढे हजेरीला उभा. लोक हसत होते ते जुळ्यांच्या गोंधळाला, आणि त्याच वेळी पोटातली भीती थोडी सैल होत होती. राज्य एका वस्तीवर आलेलं होतं. काळू-बाळूंनी ते हसत हसत हवालदारावर ढकललं.

पुढे १९६५ मध्ये वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं. त्यातला दादा कोंडक्यांचा हवालदार शहरातल्या प्रेक्षकांनीही डोक्यावर घेतला. काम सोडून भलत्याच मागे लागलेला हवालदार मराठी माणसाला कधी परका वाटला नाही, याला गावोगावच्या तमाशांनी केलेली मशागत कारण आहे.

हसण्याचं बिल

आता अवघड भाग. हा सगळा विनोद चालला कोणाच्या जिवावर?

वाळवा तालुक्यातलंच रेठरे हरणाक्ष. १८६६ मध्ये तिथे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. ब्राह्मण घरातला हा मुलगा तमाशाच्या नादाला लागला, घरदार सोडलं आणि पठ्ठे बापूराव झाला. त्याने दोन लाख लावण्या रचल्या अशी आख्यायिका आहे. संगमनेरकडच्या हिवरगाव पावसा गावच्या पवळाने त्याच्या फडाला खरं तेज दिलं. ती महार समाजातली. तिला बघायला गावंच्या गावं लोटत.

बापूरावाने जात सोडली, म्हणून त्याच्या धाडसाच्या गोष्टी झाल्या, पुढे १९५० मध्ये त्याच्यावर सिनेमाही झाला. त्याने राज्य हौसेने अंगावर घेतलं होतं. पवळाला निवड कितपत होती? महाडच्या सत्याग्रहाच्या दिवसांतला एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. बापूराव तमाशाच्या खेळाचे पैसे चळवळीला द्यायला बाबासाहेब आंबेडकरांकडे गेले. बाबासाहेबांनी ते नाकारले. आपल्या समाजाच्या बाईला नाचवून मिळालेला पैसा समाजाच्या मुक्तीसाठी नको, ही त्यामागची भूमिका.

तमाशावर प्रेम करणाऱ्याला हा प्रसंग टोचतो, आणि टोचायलाच हवा. मैदान ज्याचं आहे, त्याने हरण्याचं गाणं म्हटलं तर ती गंमत. ज्याला खऱ्या मैदानात पाऊलच टाकू दिलेलं नाही, त्याने पोटासाठी रोज रात्री मूर्ख व्हायचं, तिने रोज रात्री नाचायचं, याला हसण्याआधी थांबावं लागतं. इथे हँडिकॅप नव्हता. फटके होते, माफी नव्हती. बापूरावही शेवटी हलाखीतच गेला, १९४५ मध्ये. पण त्याच्या नावाचा पुरस्कार, पुतळा, सिनेमा शोधायला वेळ लागत नाही. पवळाचं पूर्ण आयुष्य आपल्याला किती ठाऊक आहे?

अण्णाभाऊ साठ्यांनी याच प्रश्नाला तमाशाच्या आतून उत्तर दिलं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचा सांगाडा घेतला, हलगी-ढोलकी घेतली, सोंगाड्याची हजरजबाबी घेतली. गणातलं देवाचं नमन काढून मातृभूमीला, कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन घातलं. बाईला छेडणारी गवळण गाळली. त्यांच्या लोकनाट्यांची नावंच बघा: 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे'. आता ज्याला खेळ जमत नाही तो शेटजी आहे, पुढारी आहे. गडी मात्र हुशार झाला आहे. हसू कमी झालं नाही, फक्त राज्य वरच्या माळ्यावर गेलं.

वरच्या माळ्याला ते फार आवडलं नाही. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. कारण दिलं अश्लीलतेचं. बंदी पुढे उठली, पण वग आधी लिहून, तपासून, मंजूर करून घ्यायचा हे मागे लागलं. सोंगाड्याचा खरा श्वास तर न लिहिलेल्या वाक्यात होता, दुपारी त्या गावात ऐकलेल्या गोष्टीत होता. लिहून मंजूर झालेल्या थट्टेत पाटील निर्धास्त बसू शकतो.

राज्य फिरलं पाहिजे

आज हा सगळा मामला आपल्या खिशात आहे. रील उघडली की कोणी तरी स्वतःची फजिती करतोय: व्यायामशाळेत वजन उचलता येत नाही, इंग्रजीत बोलता येत नाही, पोहायला उतरला आणि बुडाला. सातारी, सांगलीकर बोलीतल्या अशा रील्स तुम्ही शेअर केल्याच असतील. सोंगाड्या मेला असं म्हणणाऱ्यांनी जरा फोन बघावा. साचा तोच आहे. ठेका धरून अडखळायचं, शेवटच्या क्षणाला चेंडू तळ्यात.

फक्त बघताना एक हिशेब करता येईल. हसणारा माणूस स्वतःच्या मैदानात उभा आहे का? त्याला परत जायला जागा आहे का? की ज्याच्या बोलीला, रंगाला, गावाला एरवीही हसतात, त्यालाच पुन्हा एकदा मधे उभं केलं आहे? विली नेल्सनची थट्टा, हादग्यातला वेडा, काळू-बाळूंचे हवालदार आणि अण्णाभाऊंचा शेटजी यांत आपण हसतो ते सारखंच. पण दरवेळी राज्य वेगळ्या माणसावर असतं.

पोरांच्या खेळाचा एक नियम आहे, जो कोणाला शिकवावा लागत नाही. राज्य कायम एकाच्याच अंगावर ठेवायचं नसतं. त्याने दुसऱ्याला पकडलं की ते पुढे जातं. एकच पोरगं सारखं राज्य घेत बसलं तर ते रडतं, घरी जातं, आणि खेळ मोडतो. गावात ते काही वस्त्यांवर पिढ्यान्पिढ्या राहिलं. सावळजच्या उमा बाबाजीपासून वाटेगावच्या अण्णाभाऊंपर्यंत आणि कवलापूरच्या जुळ्यांपर्यंत या मुलखातल्या माणसांनी हलगीच्या ठेक्यावर जे केलं, ते एवढंच. अंगावर आलेलं राज्य त्यांनी जमेल तितकं पुढे ढकललं, आणि ज्यांच्यावर ढकललं त्यांनाही हसायला लावलं.